बावीस आले, पाच उरले, आता खोलीची किल्ली परत देऊ का?

"मावशी, सलाम. मी २४ वर्षांची, नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, आमच्या चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी आहे. रविवारी आमच्याकडे बँड असतो, ड्रम, कीबोर्ड, प्रोजेक्टर सगळं. गेल्या वर्षी बाबा गेले आणि तेव्हापासून त्या आवाजात मला प्रार्थनाच करता येईना, सगळे डोळे मिटून रडत असतात आणि मी नुसती उभी. मग नेटवर फ्रान्समधल्या तेझे ह्या ख्रिस्ती मठाचे व्हिडिओ बघितले, मेणबत्त्या, शांतता, जमिनीवर बसलेली हजारो मुलं. पाळकसाहेबांना विचारून रविवार शाळेची मागची जुनी खोली मागून घेतली, लायटिंग केलं, शनिवारी संध्याकाळी शांत प्रार्थना सुरू केली. पहिल्या शनिवारी २२ जण आले, चौथ्या शनिवारी ५. कमिटीतले एक काका म्हणतात हे कॅथलिकांचं आहे, दुसरे म्हणतात ही विपश्यना आहे, तिसऱ्यांना तिथे मंडपाचं सामान ठेवायचंय. बँडमधली मुलं म्हणतात तू फूट पाडतेस. बंद करू का? की गिटार वगैरे आणून जरा इंटरेस्टिंग करू? आणि खरं सांगू, त्या खोलीतही मला काही वाटत नाही. जे ५ येतात त्यातला एक बारावीचा मुलगा लवकर येऊन सतरंज्या घालतो, एक शब्द बोलत नाही, त्याला आता काय सांगू तेही कळत नाही."

सलाम बाळा.

आधी बाबांचं. वर्ष झालं म्हणतेस, पण वर्ष म्हणजे काहीच नाही गं, पहिलं वर्ष तर कागदपत्रं, बँक, पेन्शन, वर्षाची प्रार्थना ह्यातच जातं आणि माणूस गेलाय हे खरं कळायला दुसरं वर्ष लागतं. सगळे रडत असताना तू कोरडी उभी राहिलीस म्हणून तुझा विश्वास कमी झाला असं काही समजू नकोस. तुझं मन थकलंय, आणि थकलेल्या मनाला आवाज सोसत नाही, एवढंच. ह्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलं ते हे की तू चर्च सोडून घरी बसली नाहीस, चर्चच्याच मागची खोली मागितलीस.

आता तुझा प्रश्न. बंद करू नकोस. आणि इंटरेस्टिंग तर मुळीच करू नकोस.

२२ जण का आले आणि ५ का उरले ह्यात मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. पहिल्यांदा लोक नवीन काय आहे ते बघायला येतात, लायटिंग केलं होतंस, स्टेटसला फोटो टाकला असशील, आले, बघून झालं, गेले. ह्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण चौथ्या शनिवारी जे पाच आले ते लायटिंग बघायला आलेले नाहीत, ते बसायला आलेत. तालुक्याच्या गावात शनिवारी संध्याकाळी, क्लास, क्रिकेट, मोबाईल, सगळं सोडून पाच तरुण पोरं गप्प बसायला येतात, आणि तू मला विचारतेस ह्यांच्यासाठी एवढा वाद कशाला. अगं, ह्यांच्यासाठीच.

तू तेझे बघितलंस ते व्हिडिओत, म्हणून तिथलं आधीचं थोडं सांगते, तुला उपयोगी पडेल. तेझे सुरू करणारे ब्रदर रॉजे १९४० मध्ये त्या खेड्यात आले तेव्हा २५ वर्षांचे होते, तुझ्याच वयाचे. युद्ध चालू होतं, त्यांनी एक जुनं घर घेतलं, पळून आलेल्या लोकांना, ज्यूंनाही, तिथे आसरा दिला. युवकांसाठी काही काढायचं हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. १९४९ च्या ईस्टरला सात जणांनी कायमचं व्रत घेतलं, फक्त सात, आणि हे बंधू दिवसातून तीन वेळा प्रार्थनेला बसायचे, कोणी येवो न येवो. तरुण मुलं यायला लागली ती १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी, म्हणजे सुरुवात होऊन १५-२० वर्षं झाल्यावर. मग १९६२ मध्ये मोठं चर्च बांधलं, तेही पुरेना, म्हणून १९७१ च्या ईस्टरला पुढची भिंतच पाडून तंबू जोडावा लागला! ती मेणबत्त्यांची गर्दी तू बघितलीस ना, ती ह्या सगळ्याच्या नंतरची आहे. आधीची वर्षं कुणी शूट केलेली नाहीत, चारसहा माणसं गार खोलीत स्तोत्र म्हणतायत ह्याचा व्हिडिओ कोण काढणार. तू आत्ता त्या वर्षांत आहेस, आणि तुझे तर अजून चारच शनिवार झालेत.

आणि हे कॅथलिकांचं आहे म्हणणाऱ्या काकांना प्रेमाने एवढंच सांग की ब्रदर रॉजे हे स्वित्झर्लंडच्या रिफॉर्म्ड, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चच्या पाळकाचे चिरंजीव होते. आपल्यासारख्याच पाळकाच्या घरातले. पुढे त्यांच्यात कॅथलिक बंधूही आले, आणि सगळ्या मंडळ्यांची मुलं एकत्र बसावीत हाच त्यांचा ध्यास होता, ते तर चांगलंच आहे. विपश्यनावाल्या काकांना स्तोत्रसंहितेचा पहिलाच अध्याय उघडून दाखव, रात्रंदिवस मनन करणारा माणूस पाण्याच्या प्रवाहाकाठच्या झाडासारखा असतो तो. मनन हा शब्द आपल्या पवित्र शास्त्रातलाच आहे, तो कुणाकडून उसना आणायला नको. तुम्ही तिथे मन रिकामं करायला बसत नाही, वचन हातात घेऊन बसता. पण हे भांडून सांगू नकोस. त्या काकांच्या पोटात काळजी आहे, पोरं भलतीकडे जातील ही, आणि ती काळजी खोटी नाही.

आता थोडं कामाचं बोलते, कारण पत्रावरून वाटतंय की तू खोली सजवलीस पण आत काय करायचं ते अजून तुझं तुलाच नीट ठरवता आलेलं नाही.

मी हे केलंय म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या चर्चमध्ये कॉलेजच्या मुलांना घेऊन मी असंच बसवायला लागले, आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की आता २० मिनिटं शांत बसूया. चूक होती ती. पाचव्या मिनिटाला पायाला मुंग्या, सातव्या मिनिटाला कोणीतरी हसलं, मग सगळेच दाबून हसायला लागले, आणि एक मुलगी होती जिला त्या शांततेत काहीतरी आठवलं आणि ती रडायला लागली आणि मला तिच्याकडे जावं की बसून राहावं हेच कळेना. मुलांना शांत बसता येत नाही असं नाही. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, एवढंच. पोहायला शिकवताना कोणी थेट विहिरीत ढकलतं का? (आमच्या गावात ढकलायचे, पण कमरेला दोर बांधून.)

तर दोर बांध. शांततेच्या आधी हातात काहीतरी दे. शुभवर्तमानातला छोटासा भाग, सहा-आठ ओळींचा, सावकाश वाचायचा, थोडं थांबून दुसऱ्या आवाजात परत वाचायचा, मुलाने वाचला असेल तर आता मुलीने. आणि मग सांगायचं की ह्यातला जो शब्द मनात अडकला असेल तो धरून बसा, आता पाच मिनिटं. किती वेळ ते आधी सांगायचं, हे फार महत्त्वाचं, कारण कधी संपणार हे माहीत नसलं की माणूस आतून घड्याळच बघत बसतो. घड्याळ फक्त तुझ्याकडे, बाकीच्यांना त्याची चिंता नको. तेझेला साधारण आठ-दहा मिनिटांची शांतता असते, तिथपर्यंत तुम्ही दोन-तीन महिन्यांनी जाल. संपवताना घंटा नको, टाळी तर नकोच, हळूच एका ओळीचं गाणं गुणगुणायला लाग, बाकीचे आपोआप येतात. मग ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नुसती नावं, भाषण नाही, आजारी आत्या, परीक्षा, आई. मग प्रभूची प्रार्थना. सगळं मिळून ३५-४० मिनिटं. उपदेश नाही, साक्ष नाही, सूचना तर अजिबात नाहीत, पुढच्या रविवारी कोण काय आणणार हे बाहेर पायरीवर ठरवा.

गाण्यांचं मला जरा जास्त बोलायचंय. तेझेची गाणी एकेका ओळीची आणि परत परत म्हणायची का असतात माहितीये? वेगवेगळ्या देशांतून मुलं यायची, एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, मग छोटी ओळ, बरेचदा लॅटिन, सगळे पटकन शिकतील अशी, आणि दहा वेळा म्हटल्यावर ती ओठातून मनात उतरते. युरोपात त्यांना ती मुद्दाम तयार करून घ्यावी लागली. आपल्याकडे? आपलं ध्रुपद तेच करतं की गं! भजनाला बसलेली माणसं एकच ओळ किती वेळा घोळवतात, टाळ हळू होत जातात, शेवटी नुसता आवाज उरतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगात, ओवीत येशूची गाणी लिहिली, तुमच्या नगरातच राहायचे ते, आपल्या 'उपासना संगीत' ह्या गीतांच्या पुस्तकात त्यांची किती गीतं आहेत ते अनुक्रमणिकेत बघ. ती आपण रविवारी घाईने चार कडवी म्हणून मोकळे होतो. एक कडवं घे. त्यातली एक ओळ घे. पेटीवर एकच सूर धर, पेटी नसेल तर मोबाईलवर तानपुरा लाव, आणि ती ओळ सात-आठ वेळा म्हणा, दर वेळी जरा हळू. इंग्रजी किंवा लॅटिन गाणी घ्यायला माझी ना नाही, पण ज्या भाषेत तुझ्या बाबांनी तुला हाक मारली त्या भाषेतली ओळ जिथे पोचते तिथे दुसरी पोचत नाही.

जमिनीवर बसणं, दिवा, भजन, ध्यान ह्याला कोणी बाहेरचं म्हणालं तर हेही माहीत असू दे की जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, टिळकांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, आणि पुढे पुण्यात त्यांचा आश्रम झाला, खादी, साधं जेवण, ठरलेल्या वेळेची प्रार्थना. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या ख्रिस्ती लोकांनी हे करून बघितलंय. आपणच विसरलो.

खोलीचं. ते रंगीत लायटिंग काढ. मनापासून केलंयस मला माहितीये, पण लुकलुकणारं काही असलं की डोळे तिकडेच जातात. ट्यूबलाइट मात्र बंदच ठेव, तिच्या पांढऱ्या उजेडात माणसाला आपलं तोंड लपवता येत नाही, आणि प्रार्थनेत कधीकधी तोंड लपवावं लागतं. एक पिवळा बल्ब मागच्या बाजूला, ज्याला वाचायचंय त्याच्यासाठी. पुढे एका परातीत वाळू घालून त्यात चार मेणबत्त्या, परातीत म्हणजे सांडलं पडलं तरी वाळूत, आणि ओढण्या पदर लांब राहतील एवढं अंतर ठेव. एक साधा क्रूस, घरातलं एखादं जुनं लुगडं मागे पडदा म्हणून. बस. सतरंज्या गोलात नको घालू, गोलात सगळे एकमेकांकडे बघत बसतात, क्रूसाकडे तोंड करून ओळीत घाला. मागे भिंतीला चार प्लास्टिकच्या खुर्च्या ठेव, गुडघे दुखणाऱ्यांसाठी, आणि ज्याला सगळ्यांच्या मागे बसायचंय त्याच्यासाठीही. दाराशी टोपली, मोबाईल त्यात. फोटो कोणीच काढायचा नाही, तूसुद्धा नाही, तरुण संघाच्या रिपोर्टसाठीसुद्धा नाही. आणि पंखा कटकट वाजत असेल तर तो आधी दुरुस्त करून घे, बाकी बाहेरचे आवाज असू देत, रिक्षा, कुत्री, शेजारच्यांचा कुकर, त्यांची सवय होते.

संपल्यावर चहा. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. पवित्र शास्त्रातला संदेष्टा एलीया थकून रानात झुडपाखाली पडला, आता जीव घे म्हणाला, तेव्हा देवाने त्याला लगेच काही सांगितलं नाही, आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. मग चाळीस दिवसांनी तो डोंगर, तो वारा, तो भूकंप, तो अग्नी, आणि सगळ्यानंतर ती मंद वाणी. आपण सगळे उपदेश त्या मंद वाणीवर करतो आणि भाकरीला विसरतो. तुझी ही पोरं दिवसभराची दमून येतात, त्यांना पायरीवर बसून चहा-खारी मिळू दे, बोलायचं असेल तर ते तिथेच बोलतील.

कमिटीकडे जाताना कायमची खोली मागू नकोस. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ माग. भस्म बुधवारानंतर झावळ्यांच्या रविवारापर्यंत सहा शनिवार येतात, तेवढेच सहा द्या म्हणावं, मग तुम्ही बघा आणि ठरवा. मुदत असली की मोठी माणसं हो म्हणतात, हा माझा अनुभव आहे. मंडपाचं सामान कुठे जाईल तेही तूच शोधून ठेव, जिन्याखाली, व्हरांड्यात कपाट, काहीतरी, नुसती अडचण सांगणाऱ्यापेक्षा जागा शोधून आणणाऱ्याचं ऐकतात. आणि पाळकसाहेबांना बोलव, बोलायला नाही, बसायला. त्यांना स्पष्ट सांग की साहेब तुम्ही काही घ्यायचं नाही, नुसतं या. आठवडाभर त्यांना सगळीकडे काहीतरी घ्यावंच लागतं, कदाचित तेच सगळ्यात खुश होतील.

अजून एक माणूस बोलव. तुमच्या महिला संघात एखादी आजी असेलच जी पहाटे चारला उठून प्रार्थना करते. प्रत्येक मंडळीत एक असते. माझी आजी अशी होती, पवित्र शास्त्र जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, ते सोडायची, मांडीवर ठेवायची, वाचता फार येत नव्हतं तर नुसता हात ठेवायची त्यावर, आणि एकेक नाव घ्यायची, आम्हा नातवंडांची, शेजाऱ्यांची, विहिरीच्या भांडणात ज्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं त्यांचंही. एक नाव, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं नाव. मी पांघरुणातून बघायचे. मौन म्हणजे काय हे मी तेव्हा बघितलं, पुस्तकं फार नंतर वाचली. अशा आजीला पुढे बसवू नकोस, साक्ष द्यायला लावू नकोस, फक्त मुलांच्या मध्ये एका खुर्चीवर बसू दे. ती कशी बसते हे बघूनच पोरांना कळेल, आणि ती तिथे आहे म्हटल्यावर काकांचा विरोधही अर्धा होईल.

बँडवाल्यांशी मात्र तू बोलायलाच हवं. शांत प्रार्थना म्हणजे त्यांच्या भक्तीवर टीका आहे असं त्यांना वाटतंय, आणि तुझ्या मनात तशी थोडी टीका आहेही, पत्रात दिसते. ती काढून टाक. त्या ड्रमच्या आवाजातच कुणाचं तरी मन मोकळं होतंय, पवित्र शास्त्रातला दावीद राजाही देवाच्या कराराच्या कोशापुढे नाचलाच की. शनिवार हा रविवारच्या ऐवजी नाही हे तोंडाने सांग, आणि रविवारी स्वतः जाऊन उभी राहा, गाता नाही आलं तरी. गिटारवाल्याला एखाद्या शनिवारी बोलव आणि विचार की एका ओळीला दोनच कॉर्डमध्ये, अगदी हळू साथ देशील का. चांगल्या वाजवणाऱ्याला कमी वाजवणं आव्हान वाटतं.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. शांततेत माणसाला देव भेटतो तसं साचलेलंही वर येतं. कोणी रडायला लागलं तर घाबरू नकोस, अंगावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना सुरू करू नकोस, रडू दे, पाण्याची बाटली शेजारी ठेव, संपल्यावर हळूच विचार की कोणाशी बोलायचंय का. दोन मोठी माणसं, त्यात एक बाई, कायम हजर पाहिजेत, दार उघडं, आणि मुली घरी कशा जाणार हे आधी ठरलेलं. आणि कोणी जगण्याला कंटाळल्यासारखं काही बोललं तर त्याला प्रार्थना वाढव असं सांगून पाठवायचं नाही. त्या दिवशी त्याच्या सोबत राहायचं, घरच्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं, डॉक्टरकडे न्यायचं, सरकारची टेली मानस सेवा आहे, १४४१६ नंबर, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलतात. तो नंबर कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लाव. तुझ्यासाठीही आहे तो, बाबांच्या आठवणीने झोप उडत असेल तर.

आणि त्या खोलीतही मला काही वाटत नाही म्हणालीस.

१३१ वं स्तोत्र वाच, तीनच ओव्यांचं आहे. त्यात दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव आहे असं म्हटलंय. आपल्या घरात बघितलंय ना आपण, अंगावर पिणारं बाळ आईच्या मांडीवर आलं की शोधायलाच लागतं, मिळेपर्यंत रडतं. दूध तुटलं की सुरुवातीला फार चिडचिड करतं, आईजवळ जायचं आणि मिळायचं नाही, रात्र रात्र किरकिर. आणि मग एक दिवस ते नुसतंच येतं, मांडीवर चढतं, काही मागत नाही, आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसतं. त्याला आता दूध नको असतं, आई हवी असते. तुझं दूध तुटलंय बाळा, रविवारचं ते भरून येणं, ते गाण्यात डोळे पाणावणं. तू आत्ता किरकिरीच्या रात्रींत आहेस. ह्याचा अर्थ मांडी गेली असा नाही. ही खोली काहीतरी वाटावं म्हणून नाहीच आहे, ती मांडीवर बसायला आहे, वाटलं तर वाटलं.

पण तू दर शनिवारी घड्याळ धरून, मेणबत्त्या लावून, पाच माणसं मोजत बसलीस तर तुला कधी बसायलाच मिळणार नाही. तीन शनिवारांतला एक शनिवार तू काहीही करायचं नाही. मागे भिंतीला टेकायचं.

म्हणून तो बारावीचा मुलगा. त्याला काय सांगू म्हणालीस. त्याला बंद होतंय वगैरे काही सांगू नकोस, आणि का येतोस, काय होतंय असंही खोदून विचारू नकोस, तो सतरंज्या घालतोय तेच त्याचं बोलणं आहे. बाजारात जाऊन त्या खोलीच्या किल्लीची एक डुप्लिकेट करून घे, कमिटीला विचारून, आणि येत्या शनिवारी त्याच्या हातात दे. म्हण, पुढच्या आठवड्यात मला यायला उशीर होईल, तू उघडशील का. आणि खरंच दहा मिनिटं उशिरा जा.